दुसरा एसी घ्यावा का? वरचा मजला, पश्चिमेची भिंत, इंदूर

सुदामानगरची_सून

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे घर बांधलेले बरेच जण आहेत म्हणून सगळं मांडते.

आमचं घर सुदामा नगरात. वीस बाय पन्नासचा प्लॉट, सासऱ्यांनी नोकरीत असताना बांधलेलं. खाली भाडेकरू, वर आम्ही: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि यंदा बारावीत गेलेला मुलगा. वरचं मीटर वेगळं आहे. डोक्यावर थेट स्लॅब, त्यावर कोबा, तो आता काळा पडलाय. घराचं तोंड पूर्वेला, म्हणजे मागच्या दोन्ही खोल्या पश्चिमेला, आणि मागे मोकळी जागा असल्यामुळे ऊन अडवायला काही नाही. एका खोलीत सासू-सासरे, तिथे दीड टनाचा जुना एसी आहे. दुसरी मुलाची. तिथे खिडकीत लोखंडी कूलर आहे, पण तो म्हणतो, रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसतो आणि कूलर लावला तर वह्यांची पानं दमट होतात.

थंडीत आमचं बिल दीडशे युनिटच्या आत राहतं, म्हणजे पहिल्या १०० युनिटला १०० रुपयेवाली सवलत लागू होते. एप्रिल लागला की ते गणित मोडतं. मे महिन्यात साडेचारशेच्या पुढे युनिट गेले आणि सवलत नाही म्हटल्यावर पूर्ण दराने बिल आलं.

ह्यांची नोकरी पीथमपूरला, शिफ्टची. नाइट करून आले की दिवसा थंड खोली हवी. ह्यांचं म्हणणं सरळ आहे: मुलाच्या खोलीत दुसरा एसी घ्यायचा, हप्ते भरायचे. मला पटत नाहीये, पण "का पटत नाही" ते नीट सांगताही येत नाही.

तर विचारायचं हे: एसीला चाळीसेक हजार जाणार, त्यातले थोडे घरातच घातले तर फरक पडेल का? आधी काय करायचं? पंखे बदला, फ्रिज बदला, बल्ब बदला असं सगळेच सांगतात. (बल्ब आणि ट्यूब केव्हाच एलईडी झाल्यात, ते सोडून बोला.) सोलरचंही ऐकते, पण दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवलाय, थंडीत अर्ध्या गच्चीवर दिवसभर सावली असते.

छप्पनवाला_भिया

ताई, एसी घ्यायचाच तर इन्व्हर्टरवाला (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आणि पाच स्टारचा घ्या, तीन स्टारवर पैसे घालू नका. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तास धरून काढलेले असतात. दीड टनाला पाच स्टारचे साधारण साडेसातशे-आठशे, तीन स्टारचे हजाराच्या आसपास. आणि २४ च्या खाली उतरू नका. एक अंश वर ठेवला की वीज सुमारे सहा टक्के वाचते असं बीईई (स्टार लेबल देणारी सरकारी संस्था) सांगतं. आमच्याकडे २६ वर ठेवून वर पंखा हळू चालवतो, मस्त झोप लागते. बाकी घर-बीर सुधारण्यात उन्हाळा निघून जाईल.

महारानी_रोडवाले_काका

सूनबाई, एसी आणायचा तर आणा, अडवणारा मी कोण. एसीचं वेड आपल्या गावाला नवं नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी माणिक बाग बांधून घेतला तेव्हा, १९३० च्या दशकात, त्यात एअर कंडिशनिंग बसवलं होतं. आता त्या राजवाड्यात कर खात्याचं ऑफिस आहे. पण महाराजांना बिलाची फिकीर नव्हती. तुम्हाला आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. माझं आयुष्य महारानी रोडवर पंखे नि मोटरी भरण्यात (जळालेली तार काढून नवी गुंडाळण्यात) गेलं, तेव्हा भाषा दुकानातली येईल, सांभाळून घ्या.

आज रात्री दहाला मुलाच्या खोलीत जा. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. मग स्टुलावर चढून स्लॅबला लावा. मग पुढच्या, पूर्वेच्या खोलीतल्या भिंतीला. तीन ठिकाणी तीन वेगळे ताप लागतील. जिथे सगळ्यात जास्त लागेल तिथे पहिला पैसा घालायचा. माझी पैज स्लॅबवर आहे.

कारण असं की काळा पडलेला कोबा सकाळी दहापासून ऊन पितो. खाली चार-पाच इंचांचं काँक्रीट, ते हळूहळू तापतं आणि संध्याकाळनंतर सगळा ताप खाली सोडत बसतं. म्हणून दुपारी तीनपेक्षा रात्री अकराला मुलाला जास्त त्रास होतो. गच्चीवर गार वारा सुटलेला असतो, शब-ए-मालवा म्हणतात ती हीच, आणि बरोबर त्याच्या खाली माणूस घामाघूम. त्या खोलीत एसी लावला तर तो माणसाला थंड करण्याआधी रात्रभर स्लॅब थंड करत बसणार. बिल त्याचं येतं.

तेव्हा गच्ची पांढरी करा. महागड्या रंगाच्या आधी साधा चुना. चुना भिजवायचा, गाळायचा, त्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉल, आणि झाडून-धुऊन स्वच्छ केलेल्या गच्चीवर कुंच्याने दोन-तीन हात. पहिला हात वाळल्यावर दुसरा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. चुना भिजवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर वाईट, चष्मा लावल्याशिवाय बादलीवर वाकायचं नाही आणि पोरांना वर येऊ द्यायचं नाही. पावसाळ्यात तो बराच धुऊन जातो, म्हणजे दर वर्षी मार्चच्या शेवटी काम आहेच. पण खर्च एसीच्या एका हप्त्यापेक्षाही कमी.

फरक किती? खोली काश्मीर होणार नाही. दोन-तीन अंश. पण ते दोन-तीन अंश रात्री मिळतात, झोपेच्या वेळी, आणि एसी असेल त्या खोलीत कॉम्प्रेसर लवकर थांबायला लागतो. तुमच्या सासऱ्यांच्या खोलीवरही तीच गच्ची आहे, हे विसरू नका. म्हणजे आत्ता आहे तो एसीही कमी खाणार.

भिंतीचं काम दुसरं. जाड पडदा आतून लावून उपयोग फार नाही, काचेतून ऊन आत आलं म्हणजे ताप आत आला, मग पडदा तापून तोच खोलीत सोडतो. अडवायचं ते बाहेर. बांबूची चिक, हिरवी नेट, काहीही, पण भिंतीपासून वीतभर लांब, मधून हवा फिरली पाहिजे. मागे मोकळी जागा आहे म्हणता तर मधुमालती लावा, दोन पावसाळ्यांत भिंत झाकते.

आता कूलर. आमच्या इंदुरात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखं स्वस्त यंत्र नाही. बाहेर ४२ अंश आणि हवेत ओलावा पंधरा-वीस टक्के असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा आत फेकतो. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास. दहा तास चालला तर दोन युनिट. तुमचा जुना दीड टनी त्याच वेळात दहा-बारा खाईल. पण वह्या दमट होतात म्हणजे त्या खोलीत हवेला बाहेर जायला वाट नाही. कूलर लावून दार-खिडकी बंद करणारे लोक मी जन्मभर पाहिले, आणि मग म्हणतात कूलर चिकचिक करतो. करणारच! समोरची खिडकी किंवा दार चांगलं उघडं पाहिजे. शिवाय पाण्याचा पंप सतत चालू ठेवायची गरज नाही, जाळ्या नीट भिजल्या की थोडा वेळ बंद ठेवला तरी चालतो. घास (जाळ्यांत भरतात तो लाकडाचा भुगा-काड्यांचा थर) जुना झाला असेल तर बदला, बोरिंगच्या पाण्याने त्यावर पांढरे खडे चढतात आणि हवा अडते. जमलं तर कूलरला नर्मदेचंच, म्हणजे नळाचं, पाणी घाला. आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच घरी पैदा होतील.

पाऊस लागला की मात्र कूलर बंद. जुलैत तो फक्त पाणी उडवतो.

राहिलं खिडक्यांचं. रात्री दहानंतर सगळ्या उघड्या, जाळी लावून. सकाळी आठ-नऊला बंद, पडदे ओढून. आमची आई हे करत असे, तिला कोणी बीईई सांगायला आलं नव्हतं.

आता मीटर. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग अंदाजाने फ्रिज बदलतात. मीटरवर छोटा लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० किंवा १६०० असं लिहिलेलं असतं. ३२०० असेल तर तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मोबाइलमध्ये घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात चार वेळा लुकलुकला तर साधारण ७५ वॉट जातायत. १६०० चं असेल तर दुप्पट धरा. काहीच चालू नसताना ७५ वॉट म्हणजे महिन्याला ५४ युनिट. तुमची सगळी धडपड १५० च्या आत राहायची, त्यातले चोपन्न नुसतेच गेले. मग एकेक वस्तू लावत जा आणि मोजत जा. कोण किती खातं ते तुम्हालाच कळेल, मला विचारायला नको.

पंख्याचं शेवटी सांगतो कारण ते सगळेच सांगतात. साधा छताचा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. म्हणून जो पंखा दिवसरात्र फिरतो तोच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नको. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरही तो जास्त वेळ चालतो, बारावीच्या मुलासाठी हे मोठं. आणि रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्याचा असेल, हात लावला की गरम लागतो तो, तर तो काढून फेका. तो वीज वाचवत नाही, तिची उष्णता करतो.

(पाण्याच्या मोटरीबद्दल पुन्हा कधीतरी. हात दुखला.)

लष्करातला_वाडेकरी

ग्वाल्हेरहून. काकांचं बाकी सगळं मान्य, रात्री खिडक्या उघडायचं मात्र आमच्याकडे जपून. इंदूरला रात्र सुटते, आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी रात्रीही लू थांबत नाही. पहाटे चारला उघडायचं, साडेसातला बंद, इतकीच सोय.

आमचं घर लष्कर नावाच्या भागात, शिंदेशाहीतल्या जुन्या वाड्याचा एक तुकडा वाटणीला आला तो. भिंती हातभर जाड, वर दगडी पटियांचं छत. तळमजल्यावर मे महिन्यातही दुपारी पंख्यावर भागतं. भाऊ नव्या कॉलनीत राहायला गेला, नऊ इंची भिंती, वर सपाट स्लॅब, त्याच्याकडे दोन एसी. वाड्यात दुपारी वाळ्याचे पडदे सोडायचे आणि त्यावर पाणी मारायचं ही रीत माझ्या लहानपणापर्यंत होती, त्यासाठी गडी असायचा. आता गडी नाही आणि वाळाही महाग झालाय. पण तत्त्व तुमच्या कूलरचंच.

वाड्याच्या वरच्या मजल्यावर मात्र पटिया तापतात, तिथे कुणी जात नाही दुपारी. जुन्या लोकांना वर झोपायचं ते रात्री, गच्चीत. आपण सगळे वरच्या मजल्यावर चोवीस तास राहायला लागलो तिथून हे बिल सुरू झालं असं माझं मत आहे.

अलकापुरी_बडोदा

इतकं सगळं करण्यापेक्षा सोलर का नाही? आम्ही तीन किलोवॉटचं बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० आणि दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट धरा. नेट मीटर आहे, जास्तीचे युनिट परत जातात. आता एसीचा रिमोट कुणाच्या हातात आहे याच्याकडे मी बघतही नाही.

बडोद्याला कूलरचं काकांनी सांगितलं तसं चालत नाही, जूनपासूनच हवा ओली होते. इथे एसीच लागतो.

सुदामानगरची_सून

काका, खूप आभार. सगळ्यांचेच.

रात्री हात लावून पाहिला. पैज तुम्ही जिंकलात, स्लॅब भिंतीपेक्षा गरम. ह्यांनाही स्टुलावर चढवलं, ते काही बोलले नाहीत पण एसीचा विषय दोन दिवस निघालेला नाही.

मीटर ३२०० चं आहे. सगळं बंद करून मुलाने मोजलं, एका मिनिटात पाच वेळा. तुमच्या हिशोबाने नव्वद-पंचाण्णव वॉट? घरात काहीच चालू नव्हतं! मग लक्षात आलं की "बंद" म्हणजे रिमोटने बंद. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफाय आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर तसेच होते. बॉक्स आणि वायफाय भिंतीवरच्या बटणापासून बंद केले तर दिवा एका मिनिटात चारदा. म्हणजे बाकी सगळं इन्व्हर्टरच खातोय का? त्याची बॅटरी जुनी आहे, पाणी सासरेच घालतात.

गच्चीला सासऱ्यांची हरकत आहे. कोब्याला बारीक चिरा आहेत, पावसाळ्यात मुलाच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते. चुन्याने ओल थांबेल का, नाहीतर खर्च दोनदा, असं ते म्हणतात.

बडोदेकर, सोलरचा विचार करतेय, पण दक्षिणेच्या सावलीचं काय ते कुणी पाहून सांगायला हवं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावली नसते हेही खरं.

घरबांधणी_तिलकनगर

मी आर्किटेक्ट आहे, इथलाच. सासरे बरोबर बोलतायत. चुना ओल थांबवत नाही. काकांशी माझा एवढाच मतभेद: ज्या गच्चीला चिरा आहेत तिथे आधी चिरा खोदून भरा, उतार पाहा, पाणी पन्हाळ्यापर्यंत नीट जातं का ते बादलीभर पाणी ओतून बघा. मग त्यावर वॉटरप्रूफिंगचा पांढरा कोट घेतलात तर एकाच खर्चात दोन कामं होतात. काही वर्षं टिकतो, पण महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झाडायला लागते, धुळकट पांढऱ्याचा उपयोग निम्मा. त्याहून पक्कं म्हणजे पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, पण त्याचं वजन आणि खर्च दोन्ही जास्त.

एक गोष्ट करू नका: आतून थर्मोकोलचं फॉल्स सीलिंग. अनेक जण हेच सुचवतील. स्लॅब तापलेलाच राहतो, वर पोकळीत ताप साठतो, उंची कमी होते आणि थर्मोकोल आगीला चांगला नाही. ताप अडवायचा तो स्लॅबच्या वरून.

सोलरबद्दल: तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा लागते. तुमच्या हजार फुटांच्या प्लॉटवर गच्चीची उत्तर बाजू मोकळी असेल तर दोन किलोवॉट बसू शकेल. पॅनेलच्या खाली स्लॅबला सावली मिळते हा वरचा फायदा, म्हणून लावायचेच झाले तर मागच्या दोन खोल्यांवर येतील असे पाहा. पण वॉटरप्रूफिंग आधी. पॅनेलचे पाय एकदा रोवले की खालची चीर कुणी भरणार नाही.

महारानी_रोडवाले_काका

तिलकनगरवाले साहेब, चिरा असतील तर तुमचंच खरं. मला चिरांचं सांगितलं नव्हतं. चुना ज्याची गच्ची धड आहे त्याच्यासाठी.

सूनबाई, इन्व्हर्टर. बॅटरीला हात लावून पाहा. काहीच लोड नसताना कोमट लागत असेल आणि पाणी वरचेवर घालावं लागत असेल तर ती चार्ज धरत नाही, दिवसभर वीज पीत बसते. चार्ज पूर्ण असताना इन्व्हर्टरचं भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा मीटरचा दिवा मोजा. फरक सत्तर वॉटचा निघाला तर ती बॅटरी महिन्याला पन्नास युनिट खाते आहे, तुमचा सगळ्यात महाग पाहुणा तोच. बॅटरी बदलायची का ते कुणा जाणकाराला दाखवून ठरवा, दुकानदाराला नको.

आता मोटर, राहिली होती ती. नर्मदा एक दिवसाआड येते, हौदातून वरच्या टाकीत चढवता ना? एक एचपीची असेल तर ती तासाला सुमारे एक युनिट खाते. टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या तळाची झडप) गळत असणार किंवा सक्शनला हवा ओढत असणार. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू, पण लोक महिनोन् महिने मोटर दुप्पट चालवतात. आणि आमच्याच धंद्यातलं सांगतो: दोन-तीनदा जळून पुन्हा भरलेली मोटर, त्यात कारागिराने तार बारीक घातली असेल तर, नव्यापेक्षा जास्त वीज खाते. गरम होते ना? तेच. पुन्हा भरण्यापेक्षा अर्ध्या एचपीची नवी घ्या, एका मजल्याला पुरते.

टाकीला फ्लोट लावा, वाहू देऊ नका. आपल्या नळाचं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, पंपांनी डोंगर चढवून आणलेलं असतं. त्या विजेचं बिल महापालिकेला इतकं जड झालं की २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून जलूदला ६० मेगावॉटचा सोलर प्रकल्प काढला. आणि आपण ते पाणी गच्चीवरून ओटल्यावर सांडतो.

छप्पनवाले भिया, तुमचं २६ आणि पंखा, हे मला आवडलं. सूनबाई, हे सासऱ्यांच्या खोलीत आजच करा, याला काही खर्च नाही. १ जानेवारी २०२० पासूनचे एसी सुरू केले की आपोआप २४ वर येतात, तुमचा त्याआधीचा असेल तर शेवटचा आकडा तसाच राहतो. कुणी १८ वर ठेवून गेलं की तो तसाच घुरघुरत बसतो. फिल्टर काढून नळाखाली धुवा, दर पंधरा दिवसांनी.

छप्पनवाला_भिया

काका, गीझरचं पण सांगा ना. आमच्याकडे थंडीत रॉड चांगला की गीझर यावरून रोज भांडण.

महारानी_रोडवाले_काका

वीस लिटरची बादली तीस अंशांनी तापवायला ०.७ युनिट लागतात. रॉडने तापवा की गीझरने, पाण्याला माहीत नसतं. गीझर महाग पडतो तो चालू ठेवून विसरल्यामुळे, आणि कोमट हवं असताना उकळतं करून त्यात थंड मिसळल्यामुळे. थर्मोस्टॅट ५० वर आणून ठेवा. रॉडने मात्र माणूस मरतो. बादलीत हात घालण्याआधी प्लग काढा, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

सुदामानगरची_सून

बॅटरी कोमटच आहे! सासरे म्हणतात की ती पहिल्यापासून तशीच आहे. बटण बंद केल्यावर दिवा मिनिटभरात एकदाही लुकलुकला नाही.

ठरलं ते असं. इन्व्हर्टर दाखवून बॅटरी बदलायची. गच्चीच्या चिरा आणि पांढरा कोट, त्यासाठी मिस्त्री रविवारी येऊन पाहणार. मुलाच्या आणि स्वयंपाकघराच्या पंख्याच्या जागी बीएलडीसी, तेच दोन सतत फिरतात. कूलरसमोरचं दार आता उघडं ठेवतो, पानं दमट व्हायची थांबली, मात्र आवाज बाहेरच्या खोलीत येतो म्हणून सासूबाईंची मालिका बुडते. त्यावर अजून उपाय नाही.

एसीचं ह्यांनी दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. नाइटनंतर ते सध्या पुढच्या खोलीत झोपतात, दुपारी तीच खोली जरा बरी.

एक शेवटचं: कूलरला घास घालू, वाळा, की ते मधाच्या पोळ्यासारखं कागदी पॅड?

महारानी_रोडवाले_काका

पॅड टिकतं, पण महाग, आणि लोखंडी जुन्या कूलरच्या जाळीत त्याच्या मापाचं बसत नाही, बाजूने कोरडी हवा आत शिरते. वाळ्याला वास छान, दाट भरला तर हवा अडते. तुमच्या कूलरला घासच घाला, तिन्ही बाजूंना सारखा पसरून, कुठे भोक राहू देऊ नका. सियागंजात मिळेल. कोरडा बघून घ्या, ओला वजनाला जास्त भरतो.